संगणक थकलेला नाही, काम चुकीच्या हाती आहे

आमच्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत सहा संगणक आहेत. एका कार्यालयाने नवे घेतले आणि जुने आम्हाला दिले. ते आले त्या दिवशी फीत कापली गेली, गुलाबाची फुलं वाटली गेली, चार जणांनी भाषणं केली आणि भिंतीवर फ्लेक्स लागला. फ्लेक्स अजून आहे. संगणकांसमोर मात्र तीन महिन्यांत कोणी बसेनासं झालं.

कारण विचारलं की सगळे एकच सांगायचे, "व्हिडिओ अडकतो."

ऐकायला ही किरकोळ तक्रार वाटते. पण आमच्याकडे मुलींची वेळ दुपारी दोन ते पाच असते आणि त्या वेळेत बारावी विज्ञानाची एक मुलगी रोज यायची. तिच्या घरी स्मार्टफोन एकच. तो भावाकडे, आणि भाऊ दिवसभर कामावर. भौतिकशास्त्राचं लेक्चर बघायला तिला जागा एकच, हा संगणक. सर फळ्यावर सूत्र लिहायला हात उचलायचे आणि चित्र तिथेच गोठायचं. आवाज पुढे जात राहायचा. चित्र पुन्हा हलायचं तेव्हा फळा भरलेला असायचा आणि सर पुढच्या उदाहरणावर गेलेले असायचे. ती व्हिडिओ मागे न्यायची, पुन्हा बघायची, पुन्हा तेच. एक दिवस तिने मला विचारलं, "आपा, माझ्याकडूनच काही चुकतंय का?"

दुसऱ्या आठवड्यापासून ती यायची थांबली.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने पाच मिनिटं पाहिलं आणि सांगितलं, "हे भंगार आहे. यावर व्हिडिओ चालणार नाही. नवे घ्या." कमिटीच्या बैठकीत नव्या संगणकांसाठी वर्गणी काढायचं जवळजवळ ठरलं. मीही हात वर करणार होते. तेवढ्यात एक चाचा, जे त्या कार्यालयात शिपाई होते, सहज म्हणाले, "बेटा, याच डब्यांवर तिथले साहेब जेवणाच्या सुट्टीत क्रिकेट बघायचे. तेव्हा तर नाही अडकायचं."

त्या एका वाक्याने वर्गणी थांबली. यंत्र तेच, मग वाटेत काय बदललं?

या प्रश्नाच्या मागे लागून मी जे शिकले त्यावरून माझं मत असं झालं आहे : आपल्याकडे 'जुना झाला' म्हणून टाकले जाणारे बरेच संगणक जुने नसतात, त्यांच्यातलं काम चुकीच्या भागाकडे गेलेलं असतं. आणि ते काम योग्य भागाकडे वळवणं हे इंजिनिअरचं काम नाही. बारावीतली मुलगीही ते करू शकते. आपण ते करत नाही, कारण आपल्याला विकत घेण्याची सवय आहे, सांभाळण्याची नाही.

देगा बाहेर, स्वयंपाक आत

आधी व्हिडिओ म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. फुल एचडी चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात, म्हणजे एका चित्रात सुमारे २० लाख ७० हजार. सेकंदाला ३० चित्रं धरली तर सव्वासहा कोटींच्या आसपास ठिपके दर सेकंदाला पडद्यावर यायला हवेत. एवढी माहिती आपल्या इंटरनेटवरून येऊच शकणार नाही. म्हणून ती आधी दाबून, घडी घालून लहान केली जाते. घडी घालण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. आपल्या संगणकाचं काम असतं ती घडी दर सेकंदाला तीस वेळा उलगडण्याचं.

हे काम दोन ठिकाणी होऊ शकतं. एक, मुख्य प्रोसेसरवर म्हणजे सीपीयूवर. तो सगळी कामं करतो, म्हणून हेही करतो, पण दमून. दुसरं, ग्राफिक्स चिपमध्ये फक्त याच कामासाठी बसवलेल्या एका छोट्या भागावर, म्हणजे डिकोडरवर. त्याला दुसरं काही येत नाही, पण हे एक काम तो फार थोड्या विजेत करतो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये असा भाग २०११ पासून आहे, 'क्विक सिंक' नावाने.

लग्नाच्या दावतीला बावर्ची बोलावला आहे, तो अंगणात देगा मांडून बसला आहे. पण त्याला कुणी सांगितलंच नाही, आणि आत घरातली एकटी बाई गॅसच्या शेगडीवर दोनशे माणसांची बिर्याणी करते आहे. पाहुणे म्हणतात, या घरात जेवण वेळेवर मिळत नाही. दोष घराचा नाही, बाईचा तर नाहीच. बावर्चीला हाक मारायची राहिली आहे.

लिनक्सवर ही हाक मारायची ठरलेली रीत आहे. तिचं नाव व्हीए-एपीआय. ती इंटेलने तयार केली आणि आज इंटेल व एएमडी या दोन्हींच्या चिपवर तीच चालते. एनव्हिडियाने आपली वेगळी वाट ठेवली, आणि म्हणून लिनक्सवर एनव्हिडिया वापरणाऱ्यांना थोडी जास्त खटपट करावी लागते. पण हाक मारायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. चिपचा ड्रायव्हर असायला हवा. ब्राउझरने किंवा प्लेअरने हाक मारायला हवी. आणि सर्वांत महत्त्वाचं, जो पदार्थ मागितला आहे तो बावर्चीला यायला हवा.

आमचं घोडं या तिसऱ्या ठिकाणी अडलं होतं.

आम्ही काय केलं

आमचे संगणक इंटेलच्या चौथ्या पिढीचे, २०१३-१४ च्या सुमाराचे. मेमरी चार जीबी. त्यांच्यावर विंडोज ११ बसत नाही, कारण त्यासाठी इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. म्हणून त्या कार्यालयाने हे काढले आणि म्हणून आम्ही त्यांवर लिनक्स मिंट टाकलं. निर्णय योग्य होता. अर्धवट होता, एवढंच.

पहिलं काम होतं दुखणं ओळखणं. 'व्हिडिओ अडकतो' या दोन शब्दांत तीन वेगवेगळे आजार लपलेले असतात. गोल चक्र फिरत राहिलं आणि आवाजही थांबला, तर दोष इंटरनेटचा. आवाज नीट चालू आणि चित्र मात्र धक्के खात असेल, तर घडी उलगडणारा दमला आहे. चित्र चालू आहे पण मधोमध आडवं कापल्यासारखं दिसतं, तर ते तिसरंच. पडदा आणि चित्र यांचा ताल जुळत नाही. आमच्या मुलीचा आवाज पुढे जात होता. म्हणजे इंटरनेटवर संशय घेण्याचं कारण नव्हतं. आम्ही मात्र त्याआधी दोनदा राउटर बदलला होता.

मग यूट्यूबवर चालू व्हिडिओवर उजवी क्लिक केली. तिथे 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' नावाचा पर्याय असतो. त्यात दोन ओळी बघायच्या. एक, कोडेक कोणता. दुसरी, किती चित्रं गळाली. आमच्याकडे गळालेल्या चित्रांचा आकडा डोळ्यांदेखत वाढत होता आणि कोडेक होता व्हीपी९.

नंतर टर्मिनल उघडून 'व्हीएइन्फो' नावाचा छोटा प्रोग्राम चालवला. आपल्या चिपमधल्या बावर्चीला काय काय येतं याची यादी तो देतो. यादीत एच.२६४ होतं. व्हीपी९ नव्हतं. सगळं कोडं इथे सुटलं. व्हीपी९ पूर्णपणे स्वतः उलगडणारा भाग इंटेलच्या चिपमध्ये सातव्या पिढीपासून आला. एव्ही१ हे त्याहून नवं कोडेक. त्यासाठी अकरावी पिढी लागते. आमची चौथी. यूट्यूब नवी घडी पाठवत होतं, बावर्चीला ती येत नव्हती, म्हणून सगळं काम घरातल्या बाईच्या अंगावर पडत होतं.

उपाय अगदी साधा निघाला. 'एच२६४िफाय' नावाचं एक छोटं मोफत एक्स्टेन्शन फायरफॉक्समध्ये बसवलं. ते यूट्यूबला एवढंच सांगतं की आम्हाला एच.२६४ चीच घडी द्या. फुल एचडीपर्यंत यूट्यूब ती देतं. त्यापुढच्या दर्जाला देत नाही, पण आम्हाला त्यापुढचं हवंच कशाला? ब्राउझर अद्ययावत केला, कारण लिनक्सवर इंटेलच्या चिपला आपणहून हाक मारण्याची सोय फायरफॉक्समध्ये जुलै २०२३ च्या ११५ व्या आवृत्तीपासून आली. आमच्या दोन यंत्रांवर त्याहून जुनी आवृत्ती पडून होती.

पुढची गोष्ट सांगायला मला थोडी लाज वाटते. आमचे मॉनिटर १,३६६ बाय ७६८ चे आहेत, म्हणजे जेमतेम साडेदहा लाख ठिपके. आणि आम्ही त्यावर वीस लाख ठिपक्यांचा व्हिडिओ लावत होतो. निम्मे ठिपके उलगडायचे आणि टाकून द्यायचे. ७२० पी लावलं की त्या पडद्यावर डोळ्याला फारसा फरक कळत नाही आणि यंत्राचं काम निम्म्याहून कमी होतं. शिवाय डेटाही वाचतो.

काही शिक्षक लेक्चर पेन ड्राइव्हवर देतात. त्यासाठी आम्ही 'एमपीव्ही' हा प्लेअर ठेवला. तो हलका आहे, पण चिपला हाक मारण्याची सोय त्यात मुळात बंद असते. बनवणाऱ्यांचं म्हणणं असं की चिपमार्गे कधी कधी चित्र बिघडतं, सीपीयूचा मार्ग जास्त भरवशाचा. त्यांचं खरं आहे, पण दमलेल्या यंत्राला ते परवडत नाही. व्हिडिओ चालू असताना कंट्रोल आणि एच ही बटणं एकत्र दाबली की ती सोय चालू होते. कायमची हवी तर सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ लिहायची. व्हीएलसीमध्ये हीच गोष्ट प्राधान्यांच्या खिडकीत, इनपुट आणि कोडेकच्या पानावर सापडते.

उरलेलं हाताचं काम होतं. डब्बे उघडले तर पंख्यावर बोटभर धूळ. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला तो वेग कमी करतो, म्हणजे अर्धा आजार कोडेकचा होता आणि अर्धा धुळीचा. पंखे साफ केले, वाळलेली थर्मल पेस्ट बदलली. दोन संगणकांत मेमरी वाढवली, कारण चार जीबीत ब्राउझरचे दहा टॅब उघडले की संगणक डिस्ककडे धावतो आणि व्हिडिओ पुन्हा धक्के खातो. एका यंत्रावर चित्र आडवं कापलं जात होतं. तिथे खिडक्यांच्या सेटिंगमध्ये कंपोझिटर बंद होता, तो चालू केला. सगळा खर्च मिळून एका नव्या संगणकाच्या किमतीच्या जवळपासही गेला नाही.

हे असं कुणी ठरवलं?

आता माझ्या मुख्य म्हणण्याकडे येते. आमचं काम झालं, पण मनात प्रश्न राहिला. हे सगळं आम्हालाच का शोधावं लागलं? मूळ स्थितीतच ते बरोबर का नव्हतं?

यात कुणाचं कारस्थान नाही. पण निर्णय आहेत, आणि ते घेताना आमची अभ्यासिका कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हती. यूट्यूब व्हीपी९ आणि एव्ही१ कडे वळलं, कारण त्याच दर्जाचं चित्र त्यात कमी डेटात जातं आणि त्यांच्यावर एच.२६४ सारखी परवाना-फी नाही. एव्ही१ साठी २०१५ मध्ये गूगल, मोझिला, नेटफ्लिक्स, इंटेल, मायक्रोसॉफ्ट अशा कंपन्या एकत्र आल्या आणि २०१८ मध्ये ते जाहीर झालं. कोडेक सर्वांसाठी खुलं असावं ही गोष्ट चांगलीच आहे. पण डेटा वाचवल्याचा फायदा ज्याला मिळतो आणि घडी उलगडण्याचे कष्ट ज्याला पडतात, ते दोघे वेगळे असू शकतात. नवा फोन असलेल्याला काही जाणवत नाही. दहा वर्षांच्या संगणकासमोर बसलेल्याला जाणवतं.

दुसरीकडे एच.२६४ वर पेटंटचं ओझं आहे. त्याची झळ लिनक्सला सतत बसते. सप्टेंबर २०२२ मध्ये फेडोरा या नामांकित लिनक्सने कायदेशीर धोका नको म्हणून एच.२६४ आणि एच.२६५ साठी चिपला हाक मारण्याची सोय आपल्या ग्राफिक्सच्या पॅकेजमधून काढून टाकली. एएमडीच्या चिपवाल्यांना एका अपडेटनंतर हा फरक पडला. यंत्र तेच, चिप तीच, फक्त हाक बंद. 'आरपीएम फ्यूजन' नावाच्या वेगळ्या भांडारातून ती परत बसवता येते, पण ते ज्याला माहीत आहे त्यालाच. लिनक्स मिंट बसवतानाही 'मल्टिमीडिया कोडेक हवेत का' असा एक चौकोन येतो. घाईत तो रिकामा राहिला की पुढे महिनोन् महिने लोक म्हणतात, लिनक्सवर व्हिडिओ चालत नाही.

या गोष्टीला जुना इतिहास आहे आणि तो तरुणांचा आहे. १९९९ मध्ये नॉर्वेच्या एका पंधरा वर्षांच्या मुलाचं, यून लेक योहानसनचं, नाव जगभर गेलं. विकत घेतलेली डीव्हीडी लिनक्सवर बघता यावी म्हणून तिचं कुलूप उघडणारा प्रोग्राम लिहिणाऱ्यांत तो होता. त्याच्यावर खटला भरला गेला. २००३ मध्ये ऑस्लोच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं आणि त्याच वर्षी अपिलातही तोच निकाल आला. आपण ज्याला नारिंगी शंकूवाला प्लेअर म्हणतो तो व्हीएलसी १९९६ मध्ये फ्रान्समधल्या एका इंजिनिअरिंग संस्थेत विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून सुरू झाला आणि २००१ मध्ये मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला झाला. बहुतेक प्लेअरच्या पोटात असलेलं एफएफएमपेग फाब्रिस बेलार याने २००० मध्ये सुरू केलं. आज आमच्या अभ्यासिकेत जे चित्र हलतं, ते अशा लोकांच्या कष्टांवर हलतं. त्यांनी आपल्याकडून पैसा मागितला नाही. फक्त एवढी अपेक्षा ठेवली की वापरणारा थोडं समजून घेईल.

लिनक्सवाल्यांनाही मला एक सांगायचं आहे. नवखा माणूस आला की 'आधी वाच, मग विचार' असं उत्तर देण्याची त्यांच्यात जुनी सवय आहे. ज्या मुलीला आठवड्यातून पाच दुपारी मिळतात तिने त्यातल्या तीन ड्रायव्हर वाचण्यात घालवायच्या का? मुक्त सॉफ्टवेअर खरोखर मुक्त तेव्हा होईल, जेव्हा ते समजून घेण्याची वाट तिच्याही भाषेत असेल. मराठीत, उर्दूत अशी पानं फार थोडी आहेत. ती लिहिणं हे काम कुणी दिल्लीहून येऊन करणार नाही.

जिथे हात टेकावे लागतात

हे वाचून प्रत्येक भंगारवाल्याकडून संगणक उचलून आणू नका. ज्या यंत्रात एच.२६४ साठीही चिप नाही, जो सीपीयू पंधरा-सोळा वर्षांचा आहे, त्याच्याकडून टायपिंग करून घ्या, व्हिडिओची अपेक्षा धरू नका. सिनेमे आणि मालिका दाखवणाऱ्या काही सेवा लिनक्सवर मुद्दाम कमी दर्जाचं चित्र देतात, कारण कुलपाची कडक व्यवस्था तिथे बसत नाही. त्यावर आपल्या हाती उपाय नाही. आणि इंटरनेटच कमजोर असेल तर कोडेक बदलून काही होणार नाही. उलट एच.२६४ ला डेटा थोडा जास्तच लागतो.

काही जण विचारतील, एवढी खटपट कशाला, मोबाइल आहेत ना? मोबाइल कुणाकडे आहे ते आपल्या घरात मोजून पाहा. अब्बांकडे, भाईकडे. बहिणीला तो मिळतो तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि तोही कुणीतरी शेजारी बसल्यावर. शिवाय सहा इंची पडद्यावर फळ्यावरचं सूत्र वाचत वहीत उतरवणं किती कठीण असतं, ते केलेल्यालाच कळतं. अभ्यासिकेतला संगणक म्हणजे तिला स्वतःच्या नावावर मिळालेले दोन तास आहेत.

आणखी एक सल्ला आम्हाला मिळाला, 'विंडोजची चोरीची कॉपी टाका, सगळं चालेल.' आपल्याकडे हे इतकं सर्रास झालं आहे की त्यात चूक वाटेनाशी झाली. पण सार्वजनिक जागेतल्या संगणकावर, जिथे मुली आपले फॉर्म भरतात, आधार नंबर टाकतात, तिथे कुणी कशात काय मिसळलं आहे हे माहीत नसलेली कॉपी बसवणं मला मान्य नाही. सचोटी शिकवायची जागाच चोरीच्या पायावर उभी करायची का, हाही प्रश्न आहे.

फीत कापायला सगळे, धूळ झाडायला कोण?

शेवटी मला सगळ्यांत जास्त खटकलेली गोष्ट. आपल्या मोहल्ल्यांत देण्याची वृत्ती कमी नाही. शाळेला पंखे, दवाखान्याला खाटा, अभ्यासिकेला संगणक. मागितलं की मिळतं. पण आपलं देणं वस्तूपाशी थांबतं. पंख्याचं तेलपाणी, संगणकाची साफसफाई, ते चालवणाऱ्याचं शिक्षण यासाठी वर्गणी मागितली तर लोक विचारतात, "यात दिसणार काय?" फ्लेक्सवर धूळ झाडणाऱ्याचा फोटो लागत नाही.

आमच्याकडे सहा संगणक तीन महिने उभे होते आणि आम्ही त्यांना वाईट म्हणत होतो. खरं तर त्यांच्याजवळ जाऊन 'तुझ्यातलं काम कोण करतंय?' एवढंही आम्ही विचारलं नव्हतं. उलट एका मुलीने तो दोष स्वतःवर घेतला. हेच मला झोंबतं. यंत्र नीट लावलेलं नसतं, व्यवस्था नीट लावलेली नसते, आणि शेवटी टोकाला बसलेला माणूस विचारतो, माझंच चुकतंय का? हे फक्त संगणकासमोर घडत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

म्हणून तरुण मित्र-मैत्रिणींना माझा आग्रह आहे. तुमच्या गावात, वस्तीत अभ्यासिका असेल तर तिथे दोन जणांनी देखभालीची जबाबदारी घ्या, त्यातली एक तरी मुलगी असू द्या. एक वही ठेवा. कोणत्या संगणकात कोणती पिढी, किती मेमरी, कोणतं कोडेक त्याला येतं, पंखा कधी साफ केला, एवढंच तीत लिहा. नवं घेण्याचा विषय निघाला की आधी तीन प्रश्न विचारा. आजार इंटरनेटचा आहे की यंत्राचा? घडी कोण उलगडतंय? आणि पडद्याला जेवढं दिसतं त्याहून जास्त आपण मागतोय का? याची उत्तरं मिळाल्यावरही नवं घ्यावंसं वाटलं तर जरूर घ्या. आणि संगणक दान करणाऱ्यांनी किमतीचा थोडा भाग देखभालीसाठी बाजूला ठेवून द्यावा. तो कुणाला दिसणार नाही, पण त्यामुळे उरलेलं दान जिवंत राहील.

त्या मुलीच्या घरी मी स्वतः गेले. तिच्या अम्मीला सांगितलं की चूक आमची होती. ती परत आली. मधले पाच आठवडे मात्र परत आले नाहीत, आणि परीक्षा कुणासाठी थांबत नाही. आता सहापैकी पाच संगणक चांगले चालतात. सहाव्याचा मदरबोर्ड गेला आहे, त्याचे भाग आम्ही बाकीच्यांना वापरतो. देखभालीची वही तिच्याकडे आहे. परवा तिने तीत लिहिलं होतं : 'नंबर चार, चित्र अडकत होतं. कोणीतरी १०८० पी लावून ठेवलं होतं. ७२० केलं. मशीन ठीक आहे.'